बाळंतिणीच्या खोलीपर्यंत : गडचिरोलीच्या ‘सर्च’ची वाटचाल

सौंसर तालुक्यातली बाळंतीण सरकारी दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या दिवशी आशाताईने तिच्या दारात यायचं असतं. हात साबणाने धुवायचे, बाळाला झोळीत घालून वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, छातीकडे बघत मिनिटभर श्वास मोजायचे, नाळ कोरडी आहे का पाहायचं, बाळ नीट ओढतं का ते आईजवळ बसून बघायचं आणि सगळं तक्त्यात लिहायचं. पुन्हा सातव्या दिवशी, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी हेच करायचं. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिली फेरी त्याच दिवशी. देशभरातल्या आशाताईंना २०११पासून हे काम नेमून दिलेलं आहे, आणि आपल्याकडे ते दिल्ली-भोपाळहून आलेली एक सरकारी योजना म्हणूनच ओळखलं जातं. त्याचा पाया मात्र आपल्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ खेड्यांत घातला गेला. तो घालणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेचा इतिहास या स्मरणिकेत यावा, तो सौंसरच्या वाचकाने आपल्या घरचा म्हणून वाचावा, असं मनापासून वाटतं.

घरचा म्हणण्याला कारण आहे. १९५६पर्यंत सौंसर, पांढुर्णा, वर्धा, चांदा ही सगळी गावं एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. राज्याची सीमा मध्ये आली, तरी संत्री-कापूस, सोयरिकी आणि आजारपण यांचे रस्ते नागपूरकडेच जात राहिले. २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरीही अडलेलं लेकरू घेऊन निघालेली गाडी आजही पहिल्यांदा नागपूरचाच रस्ता धरते. सीमेमुळे एक मोठा फरक मात्र पडला. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२०च्या आकड्यांत मध्य प्रदेशातला अर्भकमृत्युदर हजार जन्मांमागे ४३ होता, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्राचा १६ होता. एका भाषेच्या, एका रक्ताच्या गावांमध्ये एवढं अंतर का असावं, हा प्रश्न ज्याला अस्वस्थ करतो त्याने गडचिरोलीकडे बघावं. कारण १९८८मध्ये ‘सर्च’ने आपल्या कामाच्या गावांत पहिली मोजणी केली, तेव्हा तिथला दर आपल्या २०२०च्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट होता : हजारामागे १२१.

संस्थेची मुळं सेवाग्रामात आहेत. संस्थेचे एक संस्थापक डॉ. अभय बंग यांचे वडील ठाकुरदास बंग वर्ध्यात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४२च्या चळवळीत तुरुंगात गेले आणि पुढे सारं आयुष्य त्यांनी सर्वोदयाच्या कामाला दिलं. आई सुमनताईही त्याच वाटेवरच्या. अभय आणि थोरला भाऊ अशोक हे सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेत, श्रम करत शिकले. लहानपणी दोघे भाऊ सायकलवर एका खेड्यात गेले, तिथली अवस्था पाहिली आणि त्यांनी कामं वाटून घेतली : एकाने शेती सुधारायची, दुसऱ्याने लोकांची प्रकृती. ही आठवण डॉ. बंग यांनी अनेकदा सांगितली आहे. अशोक बंग खरोखरच शेतीच्या कामात गेले आणि अभय नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. तिथेच चंद्रपूरच्या राणी चारी त्यांना भेटल्या. अभय यांनी वैद्यकशास्त्रात आणि राणीताईंनी स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. केलं.

लग्नानंतर दोघांनी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत दवाखाना चालवला. शेतमजुरांत राहताना त्यांच्या लक्षात आलं की औषधाने माणूस बरा होतो आणि महिन्याभरात त्याच दारिद्र्यातून पुन्हा आजारी पडून येतो. रोजगार हमीवरची किमान मजुरी ठरवताना मजुराला लागणाऱ्या अन्नाचा हिशेबच चुकला आहे, हे डॉ. बंग यांनी कागदावर मांडून दाखवलं आणि सरकारला मजुरी वाढवावी लागली. एका हिशेबाने लाखो चुली थोड्या बऱ्या पेटल्या. वर्षानुवर्षं रोगी तपासून जे साधलं नसतं ते एका अभ्यासाने साधलं, ही गोष्ट दोघांच्या मनात पक्की झाली. संशोधन शिकण्यासाठी ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि परत आले.

परत येऊन त्यांनी गडचिरोली निवडलं. चंद्रपुरातून तोडून हा जिल्हा १९८२मध्येच झाला होता. जंगल, गोंड-माडिया वस्ती, धानाची शेती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. १९८५च्या डिसेंबरात ‘सोसायटी फॉर एज्युकेशन, अ‍ॅक्शन अँड रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था स्थापन झाली. एवढं लांब नाव कोणाच्या तोंडी बसणार? ‘सर्च’ एवढंच राहिलं. कामाला सुरुवात झाली ती एका जुन्या गोदामात.

पहिलं मोठं काम राणीताईंचं होतं, आणि ते मुलांविषयी नसलं तरी इथे सांगायला हवं, कारण बाळाची प्रकृती आईच्या प्रकृतीतूनच सुरू होते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी बायकांना तपासलं. अंगावर पाणी जाणं, पाळीचा त्रास, ओटीपोटात दुखणं, ही दुखणी बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला आणि त्यांतल्या फारच थोड्यांनी त्यापूर्वी कधी अशी तपासणी करून घेतली होती. जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. तोवर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंब नियोजन आणि बाळंतपण एवढंच समजलं जात होतं. दोन खेड्यांतल्या बायकांनी ती समजूत बदलायला लावली.

दवाखाना बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी लोकांना विचारलं की तुम्ही सरकारी इस्पितळात का जात नाही. उत्तरं ऐकण्यासारखी होती. त्या मोठ्या इमारतीत आमचा जीव घाबरतो. डॉक्टर-नर्सा पांढरे कपडे घालतात, आमच्याकडे पांढरं मेलेल्यावर घालतात. सोबतच्या माणसाला बाहेर काढतात. आणि तिथे देव नाही. म्हणून चातगावजवळ १९९३मध्ये उभं राहिलेलं शोधग्राम हे आदिवासी गावाच्या घडणीचं आहे. रोग्याने आपल्या माणसांसह झोपडीवजा घरात राहावं, अशी तिथे सोय आहे आणि दवाखान्याला दंतेश्वरी मातेचं नाव आहे. देवीच्या जत्रेत गावोगावचे लोक जमतात, आपल्याला कोणकोणते रोग छळतात ते सांगतात आणि त्यावरून संस्थेच्या पुढच्या कामाची दिशा ठरते. आपल्याकडे जामसावळीला माणसं आजारपण घेऊन श्रद्धेने जातात, हे पाहिलेल्याला या रचनेचं मोल सांगावं लागणार नाही. लोकांच्या भीतीला अडाणीपणा न म्हणता तिच्यावरून इमारतीचा नकाशा काढणं, हे मला या संस्थेच्या सगळ्या कामांत सर्वांत मोठं वाटतं.

आता मुलांकडे येऊ.

डॉ. बंग यांनी एका पावसाळी संध्याकाळची हकिगत सांगितली आहे. खुर्सा गावची एक तरुण आई, सोबत आणखी एक बाई, कुशीत हाडांचा सापळा झालेलं बाळ. त्यांनी बाळाला पलंगावर ठेवलं, तपासायला घेतलं, आणि काही मिनिटांत ते गेलं. कागदावर कारण काय लिहायचं? कुपोषण, जुलाब, न्यूमोनिया? त्या आईची सगळी कहाणी विचारल्यावर एकामागून एक कारणं निघत गेली. गर्भारपणात तिने कमी खाल्लं, कारण बाळ मोठं झालं तर अडेल, असं सांगितलेलं. तिला मलेरिया झाला. बाळ कमी वजनाचं जन्मलं. दूध पुरेना म्हणून पातळ पाणीदार काहीतरी पाजलं. दारू, गरिबी, मांत्रिकाकडे गेलेले दिवस, पुराने अडलेली वाट. अशी अठरा कारणं त्यांनी मोजली. एखादा माणूस यादी बघून हात टेकेल. डॉ. बंग यांनी त्यातून उलटी गोष्ट काढली : साखळी अठरा कड्यांची असली तरी ती तुटायला एक कडी तुटणं पुरे आहे. मग कोणती कडी आपल्या हातात आहे?

१९८८पासून १०२ गावांत प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद सुरू झाली. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ज्या गावात मेलेल्या तान्ह्या बाळाला नाव ठेवलेलं नसतं आणि त्याच्याबद्दल घरात पुन्हा बोललं जात नाही, तिथे ही नोंद करणं म्हणजे ते बाळ होऊन गेलं, असं गावाने आणि शासनाने मान्य करणं. नोंदी पाहिल्यावर कळलं की बालमृत्यूंमधला सर्वांत मोठा, सुमारे ४० टक्क्यांचा वाटा न्यूमोनियाचा आहे. आपल्याकडे ज्याला ‘डबा’ म्हणतात तोच. पोट उडतं, फासळ्या आत ओढल्या जातात, लेकरू दूध सोडतं. त्यावर कोणी पोटाला डाग देतं, कोणी झाडपाला बांधतं, आणि डॉक्टर वीस कोसांवर.

न्यूमोनिया ओळखायला एक्स-रे लागतोच असं नाही. बाळ शांत असताना त्याचे श्वास मिनिटभर मोजले तर कळतं : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्याचे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर धोका. पण गावची सुईण साठपर्यंत मोजायची कशी? तिच्यासाठी ‘सर्च’ने लाकडी चौकटीत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी बसवल्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. अक्षर न ओळखणाऱ्या सुइणी हे साधन नीट वापरू लागल्या. ५८ गावांत सुइणींना आणि गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना हे शिकवलं, जंतुनाशक औषध त्यांच्या हाती दिलं. उरलेली ४४ गावं तुलनेसाठी. उपचाराच्या गावांत न्यूमोनियाच्या ६१२ मुलांपैकी एक टक्कासुद्धा दगावली नाहीत. तुलनेच्या गावांत तेच प्रमाण १३.५ टक्के होतं. १९९०मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

इथे थोडं थांबून आपल्या जुन्या जिल्ह्याच्या जखमेबद्दल बोलायला हवं. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात आणि आसपास खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने लहान लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली. वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत, शेवटच्या आशेने नेल्यावर. विष औषधात कसं आलं आणि ते तपासणीतून कसं सुटलं, हे कायद्याने शोधायचंच. पण त्या आयांना कोणीतरी आधी हे सांगायला हवं होतं की लहान मुलाचा साधा सर्दी-खोकला चार-आठ दिवसांत आपोआप उतरतो. अंगावरचं दूध, कोमट पाणी, बंद नाक मोकळं ठेवणं एवढं त्याला पुरतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला खोकल्याचं पातळ औषध देऊच नये आणि पाच वर्षांच्या आतल्यांनाही ते सहसा देऊ नये, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने त्या दुर्घटनेनंतर पुन्हा दिली. कोणता खोकला सोडून द्यायचा आणि कोणत्या खोकल्याला तातडीने दवाखाना गाठायचा, याचं उत्तर श्वासांच्या मोजणीत आहे. गडचिरोलीच्या सुईणीला ते १९८८मध्ये येत होतं. ते आपल्या प्रत्येक घरात अजून पोचलेलं नाही, याची मला खंत वाटते आणि रागही येतो.

न्यूमोनियाचे मृत्यू आटोक्यात आल्यावर नोंदवहीत दुसरंच चित्र उमटलं. जी मुलं अजूनही जात होती त्यांतली बरीचशी महिन्याच्या आतली होती. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. चीक पिळून टाकलेला, बाळाला लगेच न्हाऊ घातलेलं, पहिले दिवस गुळाचं पाणी. बाळ थंड पडलं, रडेनासं झालं, तरी सव्वा महिना होईपर्यंत त्याला घराबाहेर काढायचं नाही. त्या काळची वैद्यकीय समजूत अशी की नवजात बाळाचा आजार हा मोठ्या इस्पितळातल्या काचेच्या पेटीचा, यंत्रांचा आणि तज्ज्ञांचा विषय आहे. म्हणजे गरिबाच्या घरचं बाळ आजारी पडलं तर त्याला वाट नाही, असं शास्त्रानेच गृहीत धरलं होतं.

१९९५-९६ या वर्षात ‘सर्च’ने ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांना जन्मापासून महिनाभर घरी जाऊन पाहिलं. बहुतेक सगळी बाळंतपणं घरीच झालेली. ५४ टक्के बाळांना कधी ना कधी वैद्यकीय मदतीची गरज पडली. ती मिळाली २.६ टक्क्यांना. जंतुदोष, जन्मताच गुदमरणं, कमी वजन, थंड पडणं. यांतलं काय घरात सांभाळता येईल, हे एकेक करून ठरवलं गेलं.

मग गावातल्याच बाया निवडल्या. पाचवी-सातवी, फार तर दहावी शिकलेल्या, स्वतः आया असलेल्या. त्यांना नाव मिळालं आरोग्यदूत. आरोग्यदूत गर्भारपणातच घरी जायला लागते. बाळंतपणाच्या वेळी सुईणीशेजारी बसते; सुईण आईला सांभाळते, ही बाळाला. बाळ रडलं नाही तर तोंड-नाक साफ करून पिशवी आणि मुखवट्याने श्वास देते. थंड पडू नये म्हणून बाळाला उबदार कापडी पिशवीत गुंडाळते. नंतर ठरलेल्या दिवशी वजन, ताप, श्वास. जंतुदोषाची ठरवलेली लक्षणं दिसली तर आई-बापाला आधी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगते, आणि ते जाऊच शकत नसतील तर त्यांच्या लेखी संमतीने तोंडाचं औषध आणि जेंटामायसिनची इंजेक्शनं घरीच देते.

सातवी शिकलेल्या बाईने तीन दिवसांच्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, या कल्पनेने भल्याभल्यांना धक्का बसला. त्यांची भीती खोटी नव्हती. सुई चुकली तर बाळाचा पाय जातो. म्हणून प्रशिक्षण महिनोन्‌महिने चाललं, प्रत्येक आरोग्यदूतीच्या कामाची देखरेख करणारी माणसं गावोगाव फिरत राहिली, आणि प्रत्येक इंजेक्शन, प्रत्येक वजन तक्त्यावर उतरलं. दुसऱ्या बाजूची भीती कोण मोजणार होतं? इंजेक्शन न मिळालेल्या बाळांची नोंद १९९५-९६च्या वहीत होतीच : जंतुदोष झालेल्या शंभरांतली सोळा-सतरा जात होती. घरच्या उपचारांनंतर ती संख्या तीनच्या आत आली.

प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८मध्ये, ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारामागे २५.५वर उतरला होता. तुलनेच्या ४७ गावांत तो ५९.६ होता. सुरुवातीच्या फरकाचा हिशेब धरून ही घट ६२ टक्क्यांची. एका बाळामागचा खर्च त्या वेळच्या हिशेबाने पाच डॉलरांच्या थोडा वर. ४ डिसेंबर १९९९च्या ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला. काचेची पेटी, वीज, तज्ज्ञ यांतलं काहीही नसलेल्या ३९ खेड्यांत हे घडलं होतं. पुढच्या काही वर्षांत या गावांतला अर्भकमृत्युदर १२१वरून ३०च्या आसपास आला.

गडचिरोलीत झालं, पण ते बंग दांपत्याचं गाव. दुसरीकडे होईल का, हा प्रश्न रास्त होता. २००१ ते २००५ या काळात ‘अंकुर’ नावाने महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी, वेगवेगळ्या स्वयंसेवी संस्थांकडून, खेड्यांत आणि शहरी झोपडपट्ट्यांतही हीच पद्धत राबवून पाहिली. नवजात मृत्यू निम्म्यावर आले.

त्याच काळात दुसरी लढाई चालू होती ती आकड्यांची. राज्याच्या सरकारी नोंदींत बालमृत्यू फार थोडे दिसत. महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी मिळून आपापल्या गावांत प्रत्यक्ष मोजणी केली आणि २००१मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. राज्यात वर्षाला सुमारे १ लाख ७५ हजार मुलं पाच वर्षांच्या आत मरतात, असा त्याचा अंदाज होता. सरकारी आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. विधिमंडळात, न्यायालयात, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. शेवटी सरकारने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. ‘कोवळी पानगळ’ हे मला ‘सर्च’च्या सगळ्या प्रयोगांइतकंच महत्त्वाचं वाटतं. मेलेलं मूल नोंदवलं नाही तर त्याच्यासाठी औषध, गाडी, नर्स कशाचीच तरतूद होत नाही. आकडा कमी दाखवणारा कारकून नकळत पुढच्या मुलाचं औषध काढून घेत असतो.

२००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. २०११मध्ये भारत सरकारने घरच्या घरी नवजात बालसेवा देशभरातल्या आशांकडे सोपवली. आशेला सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये मानधन ठरलं. २०१८पासून त्याला जोडून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी भेट देण्याचं कामही आलं. एका जिल्ह्यातली रीत वीस-पंचवीस वर्षांत देशाची झाली, ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र गडचिरोलीचा सगळा गाभा सरकारी योजनेत उतरला नाही, हेही लिहायला हवं. इंजेक्शनचं काम आशेकडे आलं नाही. धोक्याची खूण दिसली की दवाखान्यात पाठवा, एवढंच तिच्या हाती राहिलं. महिनोन्‌महिन्यांच्या प्रशिक्षणाच्या जागी थोड्या दिवसांची शिबिरं आली. आणि देखरेख? गडचिरोलीत प्रत्येक तक्ता कोणीतरी वाचत होतं, चूक निघाली तर शेजारी बसून समजावत होतं. आशेच्या पिशवीतला काटा बिघडला तर नवा कधी मिळेल हे तिलाच माहीत नसतं, आणि तिचा भरलेला तक्ता वाचायला कोणाला सवड असते ते आपण गावात बघतोच. ज्या आशा एवढ्यावरही सहाच्या सहा फेऱ्या मन लावून करतात, त्यांच्याबद्दल आदर वाटावा तितका थोडा आहे.

संस्थेची बाकीची कामं इथे नुसती सांगून पुढे जातो, तरी प्रत्येकावर एकेक लेख होईल. गावोगावच्या बायकांना घेऊन उभी राहिलेली दारूबंदीची चळवळ आणि १९९३मध्ये दारूबंदी लागू झालेला गडचिरोली जिल्हा. त्याच धाग्याने २०१६मध्ये आलेला दारू-तंबाखू कमी करण्याचा ‘मुक्तिपथ’. २००६पासून तरुणांना सामाजिक कामाची दिशा देणारं ‘निर्माण’. किशोरवयीन मुलामुलींशी शरीर आणि मन याविषयी मोकळं बोलणारं शिक्षण. आदिवासींच्या आरोग्यावरच्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीचा डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखालचा २०१८चा अहवाल. दोघांना २००३मध्ये महाराष्ट्रभूषण आणि २०१८मध्ये पद्मश्री मिळाली.

सौंसर-पांढुर्ण्यात आज बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. २००५नंतर जननी सुरक्षा योजनेने हे घडवलं आणि ते चांगलंच झालं. पण दवाखान्यातून आई दोन दिवसांत घरी येते. महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात दगावतात. म्हणजे धोक्याचे बरेच दिवस आजही घरातच जातात, आजीच्या आणि आत्याच्या नजरेखाली. त्यामुळे आशाताई दारात आली तर तिला ओट्यावरून परत पाठवू नये. खोलीत न्यावं, हात धुवायला पाणी द्यावं. बाळाचं वजन किती भरलं ते तिला विचारावं आणि कार्डावर लिहून घ्यावं. तिसऱ्या किंवा सातव्या दिवशी ती आली नाही तर सरपंचाकडे किंवा नर्सबाईकडे चौकशी करावी. ही फेरी मागायचा आपला हक्क आहे. आणि बाळाने दूध ओढायचं सोडलं, रडणं क्षीण झालं किंवा थांबलं, अंग तापलं किंवा हातापायांसकट पोट गार लागलं, मिनिटाला श्वास साठ किंवा जास्त भरले, छातीचा खालचा भाग आत ओढला जायला लागला, झटका आला किंवा नाळेतून पू दिसला, तर सव्वा महिन्याची वाट बघू नये. बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून गोधडी घ्यावी, १०८ला फोन करावा आणि वाटेत अंगावर पाजत निघावं.